अमेरिकेतील २०२४ चा निकाल : वळण की हेलकावा

माझ्याकडे आलेला प्रश्न असा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अटीतटीची मानली जाणारी सातही राज्ये जिंकली, लॅटिनो मतदार आणि तरुण पुरुष मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले, आणि अमेरिकेच्या राजकारणाची मांडणी आता एका पिढीपुरती बदलली असे अनेक जाणकारांनी लिहिले. त्यानंतर वर्षभरातच न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल आणि ॲबिगेल स्पॅनबर्गर चौदा-पंधरा टक्क्यांच्या मताधिक्याने गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. मग २०२४ च्या निकालाला टिकाऊ बदल म्हणावे, की ती एका निवडणुकीपुरती लाट होती?

न्यू जर्सीत राहून गेली पंचवीसएक वर्षे मी काउंटी (म्हणजे राज्यातला जिल्हा) आणि मतदान केंद्र या पातळीवरच्या आकड्यांची जुळणी करण्याचे काम करीत आलो आहे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक निवडणुकीनंतर विचारला गेला आहे. फक्त त्यातले पक्षाचे नाव बदलत गेले. माझे मत असे की २०२४ च्या निकालात दोन निरनिराळे प्रवाह एकाच वेळी वाहत होते. पदवीधर एका बाजूला आणि बिगर-पदवीधर दुसऱ्या बाजूला अशी जी विभागणी झाली आहे, ती या निकालाच्या कितीतरी आधीची आहे आणि पुढेही राहील. लॅटिनो, तरुण आणि एरवी क्वचितच मतदान करणारे जे मतदार त्या वर्षी ट्रम्प यांना मिळाले, त्यांतील मोठा भाग मात्र महागाईने मिळवून दिलेला होता, आणि तो रिपब्लिकन पक्षाच्या खात्यात कायमचा जमा झाला असे धरणे घाईचे होईल. दक्षिण टेक्सास याला अपवाद ठरण्याची शक्यता आहे. २०२५ च्या निकालांनी या वादाचा निवाडा केला, असे मात्र मी मानत नाही.

प्रथम विजय केवढा होता ते पाहू. अध्यक्ष ज्यांवर ठरतो ती निर्वाचक मते राज्यागणिक वाटलेली असतात. त्यांपैकी ट्रम्प यांना ३१२ मिळाली आणि डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना २२६. हा आकडा दणदणीत वाटतो. परंतु प्रत्यक्ष मतांत ट्रम्प यांना ४९.८ टक्के आणि हॅरिस यांना ४८.३ टक्के, म्हणजे फरक दीड टक्क्याचा होता. बहुतेक राज्यांत पहिला येणाराच सगळी निर्वाचक मते घेऊन जातो, त्यामुळे लहान फरक मोठा दिसतो. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मताधिक्यांची बेरीज साधारण २ लाख ३० हजार भरते, आणि त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक मते इकडची तिकडे असती तर अध्यक्ष दुसरे असते. २०२० मध्ये मताधिक्यांची अशीच बेरीज ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून सुमारे ४३ हजारांची होती आणि २०१६ मध्ये तीन राज्ये मिळून ७८ हजारांच्या आतली. सलग तीन निवडणुकांत सत्ताधारी पक्षाने अध्यक्षपद गमावले आहे. असे यापूर्वी १८८४ ते १८९६ या काळात घडले होते. ज्या देशात दर चार वर्षांनी इतक्या थोड्या मतांवर सत्ता फिरते, तिथे प्रत्येक विजेत्याला आपल्यापासून नवे युग सुरू झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण सत्ता अशी पुन्हा पुन्हा फिरते आहे याचाच अर्थ कोणाचेही युग सुरू झालेले नाही.

अशा घाईचा दोष मी इतरांना देत असलो तरी मी स्वतः त्यातून सुटलेलो नाही. डिसेंबर २००८ मध्ये आमच्या भागातील महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात मी नकाशा लावून सांगितले होते की बराक ओबामा यांनी इंडियाना आणि व्हर्जिनिया ही दोन जुनी रिपब्लिकन राज्ये जिंकली असून आता ती दोन्ही डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकू लागली आहेत. दोन्ही राज्यांनी १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला होता, आणि दोन्हीकडचा निकाल एकाच रात्री लागला होता. पुढे काय झाले? चारच वर्षांनी इंडियानात रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी दहा टक्क्यांनी जिंकले आणि ते राज्य पुन्हा कधी चर्चेतही आले नाही. व्हर्जिनियाने २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या चारही निवडणुकांत डेमोक्रॅटिक उमेदवाराला मते दिली. तेव्हा माझे अर्धे भाकीत खरे ठरले आणि अर्धे साफ चुकले, आणि त्या दोन अर्ध्यांत फरक कोठे होता हे शोधताना मी या विषयात जेवढे शिकलो तेवढे इतर कशातून शिकलो नाही.

इंडियानात २००४ मध्ये जॉर्ज बुश जवळजवळ २१ टक्क्यांनी जिंकले होते, आणि २००८ मध्ये ओबामा सुमारे २८ हजार मतांनी. चार वर्षांत एवढी उडी घेण्याजोगे त्या राज्यात काही बदललेले नव्हते. नवी माणसे आली नव्हती, नवे उद्योग आले नव्हते. आर्थिक संकट आले होते, लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक सप्टेंबरमध्ये बुडाली होती, शेजारच्या शिकागोचा उमेदवार होता आणि त्याची प्रचारयंत्रणा प्रथमच त्या राज्यात उतरली होती. ही सगळी कारणे त्या वर्षाची होती आणि वर्षाबरोबरच गेली. व्हर्जिनियात बदल निवडणुकीच्या आधीच चालू होता. वॉशिंग्टनच्या पश्चिमेला असलेल्या लाउडन काउंटीची लोकसंख्या २००० साली १ लाख ७० हजारांच्या घरात होती, २०१० साली ३ लाख १२ हजार झाली आणि २०२० साली ४ लाख २० हजार. तिथल्या ॲशबर्नमध्ये आज मराठी कुटुंबे भरपूर आहेत, आणि पुण्याहून किंवा ठाण्याहून संगणक क्षेत्रातील नोकरीनिमित्त आलेला माणूस तिथे का स्थिरावला हे त्यांना वेगळे सांगायला नको. डेमोक्रॅटिक गव्हर्नर २००१ आणि २००५ मध्ये निवडून आले होते, २००६ मध्ये सिनेटची जागा फिरली होती. ओबामा यांचा विजय हा त्या मालिकेतला पुढचा टप्पा होता.

आता २०२५ च्या निकालांकडे का बिचकत पाहावे तेही याच राज्याने दाखवले आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे ओबामा यांच्या विजयानंतर अगदी एका वर्षाने, व्हर्जिनियाचे गव्हर्नरपद रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल यांनी १७ टक्क्यांच्या मताधिक्याने जिंकले आणि न्यू जर्सीत ख्रिस ख्रिस्टी निवडून आले. ओबामांची लाट ओसरली, व्हर्जिनिया मूळ पदावर आले, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. व्हर्जिनिया मूळ पदावर आले नव्हतेच. १९७७ पासून तिथे अध्यक्षाच्या पक्षाचा गव्हर्नर फक्त एकदा, २०१३ मध्ये, निवडून आला आहे. बाकी प्रत्येक वेळी मतदारांनी व्हाइट हाउसमध्ये असलेल्या पक्षाला फटका दिला आहे. तेव्हा २००९ च्या निकालाने २००८ खोटे ठरवले नव्हते, आणि २०२५ चा निकाल २०२४ खोटे ठरवत नाही. शिवाय आता परिस्थितीत एक भर पडली आहे. ओबामांच्या काळात अध्यक्षीय निवडणूक नसलेल्या वर्षी मतदान घसरले की नुकसान डेमोक्रॅटिक पक्षाचे होत असे. आता पदवीधर त्यांच्याकडे गेल्यामुळे आणि पदवीधर न चुकता मतदान करीत असल्यामुळे कमी मतदानाची निवडणूक त्यांनाच लाभते. २०२४ मध्ये मतदानास पात्र असलेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोकांनी मत दिले, २०२२ च्या मध्यावधी (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर ठरलेल्या वेळी होणाऱ्या) निवडणुकीत ४६ टक्क्यांच्या आसपास. हे दोन निरनिराळे मतदारसमूह आहेत. त्यांची तुलना करून कोणाचे मन बदलले हे ठरवता येत नाही.

मग टिकाऊ बदल ओळखायचा कसा? या विषयाचा पाया व्ही. ओ. की या अभ्यासकाने १९५५ साली घातला. त्याने मॅसॅच्युसेट्समधील दोन गावांचे आकडे शेजारी ठेवले : सोमरव्हिल हे बोस्टनला लागून असलेले, कामगारवस्तीचे, कॅथलिक स्थलांतरितांचे शहर, आणि ॲशफील्ड हे पश्चिमेकडचे छोटे प्रॉटेस्टंट शेतकरी गाव. १९२८ च्या निवडणुकीत आल स्मिथ हा कॅथलिक उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षाने उभा केला, तेव्हा सोमरव्हिलमध्ये त्या पक्षाची मते एकदम चढली आणि ॲशफील्डमध्ये उतरली, आणि दोन गावांत पडलेले ते अंतर पुढे दोन दशके मिटले नाही. यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही की १९२८ ची निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाने सपाटून हरली होती. स्मिथ यांना ४८ पैकी फक्त ८ राज्ये मिळाली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा विजय १९३२ चा, आणि शाळेच्या पुस्तकात युग तिथून सुरू होते. पण सोमरव्हिलची माणसे चार वर्षे आधीच, हरणाऱ्या उमेदवारामागे, जाऊन उभी राहिली होती.

हेच १९६४ मध्ये उलट बाजूने घडले. डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन ६१ टक्के मते आणि ४४ राज्ये घेऊन आले, आणि रिपब्लिकन पक्ष संपला असे म्हणणारे त्या हिवाळ्यात पुष्कळ होते. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांना आपले ॲरिझोना सोडून फक्त पाच राज्ये मिळाली : मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना. त्या वर्षी जुलैमध्ये झालेल्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गोल्डवॉटर यांनी मत दिले होते, आणि मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. त्या राज्यात कृष्णवर्णीयांना तेव्हा मतदार यादीत शिरूच दिले जात नव्हते हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. दोनच वर्षांनी रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधी सभेत ४७ जागा परत मिळवल्या. जॉन्सन यांचा महाविजय विरून गेला आणि टिकून राहिला तो हरलेल्याच्या पदरात पडलेला तो पाच राज्यांचा तुकडा. तरीही त्याला पूर्ण रूप यायला किती काळ लागला पाहा : जॉर्जियाला, यादवी युद्धानंतर जी पुनर्रचना झाली त्या काळानंतरचा, पहिला रिपब्लिकन गव्हर्नर २००२ साली मिळाला.

म्हणून निकाल हाती आला की मी आधी जिंकलेल्याचे खाते उघडत नाही, हरलेल्याचे उघडतो. जिंकणाऱ्याला त्या वर्षी सगळीकडूनच थोडे थोडे मिळते, कारण वारा त्याच्या बाजूने असतो. वारा विरुद्ध असतानाही एखादा भाग हरणाऱ्या पक्षाकडे सरकत असेल, तर त्याला ढकलणारे काहीतरी त्या निवडणुकीबाहेरचे असते. याच कसोटीवर अभ्यासकांचा तो दर ३२-३६ वर्षांनी राजकारण कूस बदलते हा सिद्धान्त मला कधी पटला नाही. १८६०, १८९६, १९३२ अशी माळ ओवून पुढचा मणी १९६८ मध्ये शोधणे हे पंचांग पाहण्यासारखे झाले, आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेह्यू यांनी २००२ मध्ये त्यातील एकेक गृहीतक तपासून ते कसे टिकत नाही हे दाखवल्यावर त्या चर्चेत फारसा जीव उरला नाही.

नाट्यमय निवडणूक एकही नसताना बदल किती खोलवर जाऊ शकतो हे वेस्ट व्हर्जिनियात दिसते. कोळशाच्या खाणी आणि खाण कामगारांची युनियन यांच्या बळावर या राज्याने १९३२ पासून १९९६ पर्यंत फक्त तीन वेळा रिपब्लिकन अध्यक्षाला कौल दिला. १९९६ मध्ये बिल क्लिंटन तिथे सुमारे १५ टक्क्यांनी जिंकले. २००० मध्ये त्यांच्याच पक्षाचे अल गोर सहा टक्क्यांनी हरले. त्या वर्षी अध्यक्ष कोण हे फ्लोरिडावर येऊन ठेपले होते, आणि सगळे जग तिथल्या मतपत्रिकांवरची भोके मोजत होते. वेस्ट व्हर्जिनियाची पाच निर्वाचक मते राखली असती तर गोर यांना फ्लोरिडाची गरजच पडली नसती, हे त्या गडबडीत फार थोड्यांच्या लक्षात आले. राज्याचे विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाकडे जायला २०१४ साल उजाडले, ऐंशीहून अधिक वर्षांनी. शेवटचे डेमोक्रॅटिक पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले सिनेटर जो मॅन्चिन जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले. २०२४ मध्ये ट्रम्प यांना तिथे ७० टक्के मते मिळाली आणि त्याची बातमीसुद्धा झाली नाही. बदल पक्का झाला की त्याची बातमी होत नाही.

वेस्ट व्हर्जिनियातून एक टोक धरले आणि लाउडनमधून दुसरे, तर ती शिक्षणाची रेषा डोळ्यांसमोर येते. २०२४ च्या एक्झिट पोलनुसार पदवीधरांमध्ये हॅरिस आणि बिगर-पदवीधरांमध्ये ट्रम्प प्रत्येकी तेरा-चौदा टक्क्यांनी पुढे होते. ओहायो २०१२ मध्ये ओबामांकडे होते, आता तिथे ट्रम्प अकरा टक्क्यांनी जिंकतात. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने १९३६ नंतर २०१६ मध्ये प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवाराला पसंती दिली, आणि त्या वर्षीही तो उमेदवार देशात हरलाच होता. हॅरिस हरल्या तेव्हा जवळपास सगळा नकाशा लाल, म्हणजे रिपब्लिकन, दिशेला सरकला, तरी अटलांटाच्या दक्षिणेकडील हेन्री काउंटी उलट त्यांच्याकडे सरकली : २०१२ मध्ये रॉम्नी यांना पसंती देणाऱ्या या काउंटीत हॅरिस यांना साठ टक्क्यांहून अधिक मते पडली, कारण कृष्णवर्णीय मध्यमवर्ग गेली वीस वर्षे तिथे घरे घेत आहे. या सगळ्यावर कोणा एका उमेदवाराची मालकी नाही. महागाई उतरली म्हणून यातले काही परत फिरणार नाही.

आता लॅटिनो मतदारांविषयी, ज्यावर २०२४ नंतरचे बहुतेक मोठे दावे उभे आहेत. एक्झिट पोलने ट्रम्प यांना त्यांच्यातील सुमारे ४६ टक्के मते दिली. हा आकडा वाचताना मला नेहमी २००४ आठवते, कारण तेव्हाही बुश यांना ४४ टक्के लॅटिनो मते मिळाल्याचे जाहीर झाले होते, नंतरच्या तपासणीत तो आकडा चाळिसाजवळ आला आणि २००८ मध्ये ती मते निघून गेली. मग २०१२ च्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाने स्वतःच एक अहवाल काढला, की स्थलांतराबाबत सौम्य धोरण घेतल्याशिवाय लॅटिनो मते मिळणार नाहीत आणि त्यांच्याविना भविष्य नाही. ट्रम्प यांनी नेमके उलटे केले आणि ते दोनदा जिंकले. २००४ आणि २०१२ या दोन्ही वेळा तज्ज्ञांनी एका निकालाची रेघ पट्टीने पुढे ओढली होती.

माझ्या राज्यातलेच उदाहरण घेतो. न्यू जर्सीत जो बायडेन २०२० मध्ये जवळजवळ सोळा टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस २०२४ मध्ये जेमतेम सहा टक्क्यांनी. ऐकणाऱ्याला वाटते की लाखो लोक पक्ष बदलून गेले. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक उमेदवाराची मते पावणेचार लाखांहून अधिक घटली आणि ट्रम्प यांची मते वाढली ती एक लाखाच्या आत. म्हणजे घरी बसलेले पुष्कळ आणि वळलेले त्या मानाने कमी. अर्थात ही वजाबाकी आहे, तिच्या पोटात दोन्ही दिशांची ये-जा लपलेली असते. तरी घरी बसलेला मतदार आणि बाजू बदललेला मतदार यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

२०२४ च्या मतदानाच्या त्या मंगळवारी मी पसेइक काउंटीत एका शाळेच्या व्यायामशाळेत मतदान कर्मचारी म्हणून बसलो होतो. पहाटे सहाला दार उघडले ते रात्री आठला बंद. वस्ती डोमिनिकन आणि पेरूहून आलेल्या कुटुंबांची, रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या स्पॅनिशमध्ये. दिवसभरात बरेच तरुण असे आले की सही करताना, आपण पहिल्यांदाच मत देत आहोत, हे ते आपणहून सांगत, आणि त्यांतील अनेक जण मतदान यंत्रापाशी अर्धा मिनिटही थांबले नाहीत. रात्री यंत्रातून निकालाची लांबलचक कागदी पट्टी बाहेर आली, तेव्हा त्या घाईचा अर्थ समजला. अध्यक्षपदाच्या मतांची बेरीज मोठी होती, सिनेटच्या ओळीत ती कमी झाली, काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेतील प्रतिनिधी सभेच्या) ओळीत आणखी कमी, आणि काउंटीच्या पदांपर्यंत येता येता कितीतरी रकाने कोरे राहिले होते. वरचे एक नाव निवडायचे आणि निघून जायचे, असे मतदान पक्षाला दिलेले नसते. त्या माणसाला, किंवा दुकानातल्या भावांवरच्या रागाला, दिलेले असते. पसेइक काउंटी त्या वर्षी ट्रम्प यांनी जिंकली, १९९२ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवार तिथे पुढे आला, आणि २०२५ मध्ये शेरिल यांनी ती ठळक मताधिक्याने परत घेतली. मी वर म्हटल्याप्रमाणे २०२५ वर फार भार टाकत नाही, पण ती कोरी राहिलेली पट्टी मी २०२४ मध्येच पाहिली होती.

राज्यांच्या पातळीवरही असेच दिसते. ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही चारही राज्ये ट्रम्प यांनी घेतली आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी तिथल्या सिनेटच्या चारही जागा डेमोक्रॅटिक पक्षाला दिल्या. नॉर्थ कॅरोलायनात ट्रम्प जिंकले आणि गव्हर्नरपदाला जॉश स्टाइन हे डेमोक्रॅट साधारण १५ टक्क्यांनी. प्रतिनिधी सभा २२० विरुद्ध २१५ अशी राहिली. त्यात २०२४ हे जगभरच सत्ताधाऱ्यांना जड गेलेले वर्ष होते : ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष गेला, जपानमध्ये सत्ताधारी आघाडीचे बहुमत गेले, भारतात भाजप ३०३ वरून २४० वर आला. अमेरिकेत महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेला होता. पुढे दर उतरला तरी भाव उतरले नव्हते, आणि मतदार दर पाहत नाही, भाव पाहतो.

दक्षिण टेक्सासला मी वेगळे का ठेवतो ते आता सांगतो. रिओ ग्रांदे नदीकाठची स्टार काउंटी ही जवळजवळ पूर्णपणे मेक्सिकन वंशाच्या लोकांची, आणि तिने १८९२ नंतर कधी रिपब्लिकन अध्यक्षाला कौल दिला नव्हता. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तिथे सुमारे ६० टक्क्यांच्या मताधिक्याने जिंकल्या. २०२० मध्ये, ट्रम्प देशात हरत असताना, हे मताधिक्य पाच टक्क्यांवर आले, आणि २०२४ मध्ये ट्रम्प सोळा टक्क्यांनी पुढे गेले. मोठी उडी हरण्याच्या वर्षी होती. इथली कुटुंबे सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आहेत, सीमा सुरक्षा दल आणि तेलविहिरी हे नोकरीचे मोठे आधार आहेत, आणि नव्या स्थलांतरिताकडे ती आपला म्हणून पाहतातच असे नाही. पसेइकमधला पेरूचा दुकानदार आणि स्टारमधला सीमा दलातला शिपाई यांना ‘लॅटिनो’ या एका शब्दात बांधणे जनगणनेच्या सोयीचे आहे, निवडणुकीच्या अभ्यासाला ते अडचणीचेच ठरते. फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीही २०२० पासून स्टारसारखीच वागली आहे. मात्र स्टार काउंटी ज्या मतदारसंघात येते, तिथून २०२४ मध्येही डेमोक्रॅटिक पक्षाचे हेन्री क्वेयार काँग्रेसवर निवडून गेले. अर्धे पाऊल पुढे पडले आहे, दुसरे अजून उचललेले नाही.

आणखी एक खूण आहे, जी मतांच्या तक्त्यात सापडत नाही. विरोधी पक्ष सत्तेवर आल्यावर आधीच्याचे काय मोडतो आणि काय ठेवतो ते पाहावे. आयझेनहॉवर १९५३ मध्ये वीस वर्षांनंतरचे पहिले रिपब्लिकन अध्यक्ष झाले. त्यांनी रूझवेल्ट यांची सामाजिक सुरक्षा योजना मोडली नाही, १९५४ मध्ये तिचा विस्तार केला, आणि तेव्हा ती योजना खऱ्या अर्थाने कायमची झाली. बिल क्लिंटन यांनी जानेवारी १९९६ मध्ये मोठ्या सरकारचे युग संपल्याचे काँग्रेससमोर सांगितले, तेव्हा सरकार लहान हवे म्हणणाऱ्या रिपब्लिकन रेगन यांचा विजय पूर्ण झाला. या कसोटीवर ट्रम्प यांचा टिकाऊ बदल २०२४ चा नसून २०१६ चाच आहे, आणि तो व्यापाराच्या बाबतीत आहे. २०१८ मध्ये चिनी मालावर त्यांनी लावलेले आयात शुल्क बायडेन यांनी चार वर्षे ठेवले, वर मे २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरील शुल्क १०० टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. मुक्त व्यापारावर जवळपास दोन्ही पक्षांच्या धुरिणांचे एकमत होते तो काळ परत येईल असे मला दिसत नाही, कोणीही जिंकले तरी. स्थलांतर, विद्यापीठे, नोकरशाही यांबाबतची ट्रम्प यांची धोरणे पुढचा डेमोक्रॅटिक अध्यक्ष ठेवील का, यावर आज पैज लावायला मी तयार नाही.

पैज लावणारे मात्र आहेत, आणि ते स्वतः राजकारणी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या रिपब्लिकन विधिमंडळाने काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या, पक्षाला पाच जागा अधिक मिळाव्यात म्हणून, आणि त्या पाचांतील बहुतेक लॅटिनो बहुसंख्येच्या भागांत आहेत. २०२४ ची लॅटिनो मते पक्षाची झाली असे धरूनच त्या रेषा ओढल्या आहेत. ती मते उसनी निघाली, तर याच रेषा त्यांच्यावर उलटतील. ३ नोव्हेंबर २०२६ च्या रात्री म्हणूनच मी सर्वांत आधी स्टार काउंटीचा तक्ता उघडणार आहे, आणि त्यातही काँग्रेसची ओळ नंतर पाहीन. काउंटीच्या पदांसाठी तिथे आजवर खरी लढत होत आली ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच. त्या खालच्या ओळींत रिपब्लिकन पक्षाने या वेळी उमेदवार तरी उभे केले आहेत का, हे मला प्रथम पाहायचे आहे.